ताईच्या पेट्यांतले काळे पत्रे

मधमाशीला रंगाशी काही देणंघेणं नसतं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पेटीच्या आत मिट्ट काळोख असतो. चौकटीत पांढरा पत्रा घाला, पिवळा घाला नाहीतर काळा घाला, माशी त्यावर आपली मेणाची घरं बांधायची ती बांधतेच. रंग लागतो तो झाकण उघडून आत डोकावणाऱ्या माणसाला. आणि या एवढ्याशा गोष्टीवरून माझी थोरली बहीण दोन वर्षं माझ्यावर फुगून होती. फुगून म्हणजे बोलणं बंद नव्हे. बोलणं बंद केलं असतं तर परवडलं असतं.

मी सुतार. लोकांची दारं-खिडक्या करून उरलेल्या वेळात ताईच्या मधपेट्या करतो, असं मी म्हणतो. आमची ही म्हणते, ताईंच्या पेट्या करून उरलेल्या वेळात तुम्ही लोकांची दारं करता, म्हणून तर ती अशी घासतात. पेटी म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन लाकडी खण. खालच्या खणात राणीमाशी अंडी घालते, वरच्यात मध साठतो. खणात चौकटी टांगलेल्या असतात, आणि प्रत्येक चौकटीत एक पातळ पत्रा असतो, त्यावर सहा कोनांचे ठसे उठवलेले. माश्या त्या ठशांवर भिंती चढवतात आणि पोळं तयार होतं. पूर्वी हे पत्रे नुसत्या मेणाचे असायचे, फिक्या पिवळ्या रंगाचे. आता प्लॅस्टिकचेही मिळतात, वरून मेण फासलेले, आणि प्लॅस्टिक म्हटल्यावर रंगाला काय तोटा!

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मला जेवू घालणं, माझा अभ्यास घेणं आणि मला बडवणं ही तिन्ही कामं तिच्याकडे आली. तिसरं काम तिने जास्त मन लावून केलं. आज मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, गुडघे दुखतात, दोन कारागीर माझ्या हाताखाली आहेत. तरी ताईने नुसतं "इकडे ये" म्हटलं की माझा हात आपोआप कानाकडे जातो. हे सांगतोय ते गंमत म्हणून नाही. पुढे जे झालं त्यात या कानाचा वाटा आहे.

तिशीत असताना ताई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायला होती. शर्टाची काजं, दिवसाला शेकड्यांनी. दिवे गेले तरी तिचं काज तिरपं जायचं नाही, आणि सुईत दोरा ओवताना तिने कधी दोरा तोंडात घातलेला मी पाहिला नाही. एके दिवशी दुपारी खिडकीच्या गजावर मधमाश्यांचा थवा येऊन लटकला. मुकादम कापायच्या टेबलावर चढला. माश्यांना उडता येतं, हे त्याला कुणीतरी खालून ओरडून सांगितलं. बायका दारातून एकदमच बाहेर पडायला गेल्या आणि दारातच अडकल्या. ताईने बटणांचं मोठं खोकं रिकामं केलं, थव्याखाली धरलं, आणि गजाला एक हिसका दिला. सगळा थवा धप्पकन खोक्यात. वर पुठ्ठा ठेवून ती खोकं घेऊन घरी आली. मुकादमाने त्या दिवसाची अर्धी हजेरी कापली. ताई म्हणाली, कापू दे, त्याला उतरवायला शिडी लागली त्याचीच लाज असेल.

एका खोक्याच्या चौतीस पेट्या झाल्या. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक जुनी फळबाग आहे, तिच्या कडेने त्या ओळीने मांडलेल्या. भावोजी माणूस भला, पण माशी चावली की सूज उतरेपर्यंत ताईशी अबोला धरायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन मोठ्या शहरात, पाचव्या मजल्यावर. ताई एकटी, आणि पेट्या.

आता अंड्यांचं सांगायला हवं. मधमाशीचं अंडं तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, घराच्या अगदी तळाशी चिकटवलेलं. ताजं अंडं उभं असतं. दुसऱ्या दिवशी ते कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं, आणि मग त्यातून अळी निघते. ताई चौकट उचलायची, उन्हात जराशी तिरकी धरायची आणि भिंतीवरची तारीख वाचावी तसं सांगायची, "आजची... कालची... परवाची. राणी ठीक आहे, झाक." राणीला शोधत बसायची तिला गरजच नसे. ज्यांच्या ज्यांच्याकडे पेट्या होत्या ते सगळे अडलं की ताईला बोलवत. राणी आहे का गेली, अंडी घालतेय का थकली, ठेवायची का बदलायची, सगळा निवाडा ताईचा. बदलायची झाली तर नवी राणीही ताईच्याच पेटीतली. लोक तिला राणीवाली म्हणत. ती वरवर रागवायची, पण हाक मारल्यावर ओ द्यायची.

दोन वर्षांपूर्वी पेट्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मी पहिल्यांदा काळे पत्रे पाहिले. दुकानदार म्हणाला, खालच्या खणात हे घाला, काळ्यावर पांढरं अंडं उठून दिसतं. वरच्या खणात मात्र फिकेच ठेवा, म्हणजे मधाचा रंग कळतो. मला ते पटलं. दहा पत्रे घेतले आणि मोठ्या उत्साहाने ताईपुढे ठेवले.

"हे काय आणलंस?"

"खालच्या खणासाठी. अंडी चांगली दिसतात म्हणे."

"कोणाला?"

काही प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात, एवढं मी लहानपणी शिकलो होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली. "ज्यांना बघता येत नाही त्यांच्यासाठी काढलेत हे. मेण पिवळं, पोळं पिवळं. तव्यासारखं काळंकुट्ट पोळं कुणी बघितलंय?"

"जुनं पोळं काळंच पडतं की, ताई."

"ते वापरून वापरून काळं पडतं. तू रंगवलेलं आणलंस. ने ते, माझ्या डोळ्यांसमोर नको."

मी ते पत्रे वर्कशॉपच्या माळ्यावर टाकून दिले. पण तिच्या त्या शेवटच्या वाक्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण त्याच महिन्यात एक गोष्ट घडली होती. नवी, फिकी चौकट हातात घेऊन ताई म्हणाली होती, "रिकामी आहे," आणि माझ्याकडे दिली होती. मी पाहिली तर तळाशी अंडीच अंडी. वाटलं, घाईत राहिलं असेल. मग तसंच पुन्हा झालं. तिच्या बऱ्याचशा चौकटी जुन्या, काळपट पडलेल्या, त्यांत तिला नीट दिसायचं. नवी फिकी चौकट आली की ती तिच्यावरून नुसती नजर फिरवायची आणि काहीतरी ठोकून द्यायची. चौतीस पेट्यांची कुंडली तोंडपाठ असल्यामुळे तिचं ठोकून दिलेलंही दहातल्या नऊ वेळा बरोबर निघे.

मी घरी येऊन आमच्या हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग सांगा ना त्यांना."

"तू सांग."

"बहीण तुमची."

"नणंद तुझी."

झालं. एवढ्यावर विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मूठ तिची होती आणि झाकत होतो मी.

मग यंदा रोपवाल्याची भानगड झाली. हा आमच्याकडचा रोपवाटिकेवाला, पस्तिशीचा, भारी काळजीखोर माणूस. रोपांना पाणी घालतानाही त्यांना लागेल की काय अशा बेताने घालतो. त्याने यंदाच सहा पेट्या घेतल्या होत्या, सगळ्या माझ्या हातच्या, सगळ्या चौकटी कोऱ्या, पत्रे फिके पिवळे. त्यातल्या एका पेटीतून थवा फुटून गेला. माश्या फार झाल्या की जुनी राणी अर्ध्या जणींना घेऊन घर सोडते, आणि मागे नवी राणी जन्माला येते. ही नवी राणी बाहेर उडून नरांशी संग करून येते, मगच अंडी घालू लागते. महिना होत आला तरी रोपवाल्याला अंडी दिसेनात. त्याला ती कशी असतात हेही धड माहीत नव्हतं म्हणा. त्याने ताईला बोलावलं. मी धूर द्यायला सोबत गेलो.

सकाळी दहाचं स्वच्छ ऊन होतं. ताईने जाळीची टोपी घातली, झाकण काढलं, एक चौकट उचलली, तिरकी केली, पाहिली. "काही नाही." दुसरी. "काही नाही." तिसरी बघून माझ्या हातात दिली आणि चौथीवर तिला राणी दिसली. राणी मोठी असते, लांबट असते, ती तिला दिसली.

"ही बघ तुझी महाराणी," ती रोपवाल्याला म्हणाली. "महिना झाला आणि एक अंडं नाही. वांझ आहे. अशी ठेवलीस तर माश्या संपून पेटी बसेल तुझी."

माझ्या हातात तिसरी चौकट होती. ऊन माझ्या खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडत होतं. मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, प्रत्येक घरात एकेक अंडं. बरीचशी उभी, काही जराशी कललेली. आजची आणि कालची. म्हणजे राणी वांझ नव्हती. तिने कालच सुरुवात केली होती.

मी तोंड उघडलं. रोपवाला बाजूला हात जोडल्यासारखा उभा होता. त्याच्यासमोर राणीवालीला सांगायचं की तुला दिसत नाही? एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मला होता, आणि तो मी श्वास घेण्यात घालवला. ताईने राणीला चिमटीत धरलं आणि दाबलं.

मग तिने खिशातून काडेपेटीएवढा जाळीचा पिंजरा काढला. त्यात तिच्या पेटीतली नवी राणी होती. नव्या राणीचा वास माश्यांना ओळखीचा होईपर्यंत तिला पिंजऱ्यात ठेवावं लागतं. तो पिंजरा दोन चौकटींच्या मध्ये अडकवून ताई म्हणाली, "सहाव्या दिवशी येऊन सोडते हिला." मी चौकट मुकाट्याने परत दिली.

सहाव्या दिवशी आम्ही गेलो. ताईने तीच तिसरी चौकट उचलली आणि तिचा हात थबकला. चौकटीला भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराची तीन घरं लोंबत होती. राणी नाहीशी झाली की माश्या एखाद्या कोवळ्या अळीसाठी असं मोठं घर बांधतात आणि तिला राणी म्हणून वाढवतात. आणि त्या तीन घरांच्या भोवती, प्रत्येक घरात, गोल वळलेल्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या. त्या दिसायला डोळे लागत नाहीत, एवढ्या असतात. नवी राणी तर पिंजऱ्यात होती. तिने काही अंडी घातलेली नव्हती.

ताईने किती वेळ ती चौकट धरून ठेवली कुणास ठाऊक. तिच्या बोटांवर दोन माश्या चावल्या, तिने हात हलवला नाही. मग तिने ती तिन्ही लोंबती घरं नखाने मोडली, कारण ती ठेवली असती तर नव्या राणीचं तिथे जमलं नसतं, आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

"झालं ना काम?" रोपवाल्याने विचारलं.

"झालं."

"तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर पेटी बसलीच होती माझी." आणि त्याने बळेबळेच फुलझाडांची दोन रोपं तिच्या पिशवीत घातली. त्याचं ते 'बरं' मलाच ऐकवेना, तर तिचं काय झालं असेल!

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी डोकावलो तर ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, रोपं पिशवीतच कोपऱ्यात पडलेली. जाळीची टोपी धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवत होती. हंगाम ऐन भरात असताना टोपीची घडी!

"पेट्या कुणाला द्यायच्या ते बघ," ती म्हणाली. "मी लेकीकडे जातेय राहायला."

"अगं, पण पाचव्या मजल्यावर तू काय करणार?"

"लिफ्टने खाली-वर करीन. तुला काय करायचंय?"

संध्याकाळी भाचीचा फोन आला. दोन वर्षं ती आईला "ये" म्हणून विनवत होती, आणि आता आई येते म्हणाल्यावर पोरगी रडकुंडीला आली होती.

"मामा, काय झालंय तिला? मी बोलावलं आणि ती हो म्हणाली!"

मी जे घडलं ते सांगितलं. माझ्या हातातल्या चौकटीचं सोडून सगळं सांगितलं. मग भाची म्हणाली, "तिने तुम्हाला डोळ्यांचं काहीच नाही सांगितलं? गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती तेव्हा दाखवले होते."

"आम्हाला म्हणाली, ठणठणीत आहेत."

"ठणठणीत कसले! आतल्या पडद्याला वय झालंय म्हणाले डॉक्टर. चष्म्याने अक्षर मोठं होईल, पण फिक्यावरचं फिकं दिसणार नाही. पांढऱ्या ताटलीत भात वाढला तर ताटलीचा काठ दिसणार नाही, असं म्हणाले. गडद ताटली घ्या म्हणाले. तिने डॉक्टरांनाच विचारलं, तुमच्या घरी कसल्या ताटल्या आहेत?"

फोन ठेवला आणि मी वर्कशॉपचा माळा चढलो. पत्रे तिथेच होते, भुशाने माखलेले. दहाही पुसले. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून चौकटी ठोकल्या. हिने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, गडद ताटल्या करतोय. तिने खिळ्यांचा डबा जवळ सरकवला.

सकाळी एकटाच बागेत गेलो आणि ताईच्या दोन दांडग्या पेट्यांच्या खालच्या खणात, मधोमध, काळ्या चौकटी घातल्या. धूर कसा आणि किती द्यायचा हे तीस वर्षं पाहूनही माझ्या हातात आलेलं नाही, त्यामुळे कपाळावर, मानेवर आणि सांगता येणार नाही अशा एका जागी माश्या चावल्या. आठ दिवस थांबलो. आठ दिवस ताई सामान बांधत होती. मी रोज जाऊन, पेट्यांना गिऱ्हाईक बघतोय असं सांगत होतो.

नवव्या दिवशी तिच्या दारात जाऊन म्हटलं, "एक चौकट बघायची आहे. चल."

"तूच बघ. तुला दिसतं ना?"

हे ती कशा अर्थाने म्हणाली ते मला तेव्हा नीट कळलं नाही. किंवा कळलं असावं. मी म्हटलं, "मला दिसतं गं, पण वाचता येत नाही. तू चल."

ती आली. टोपीही न घालता आली, जणू आता चावल्या काय आणि नाही काय. मी झाकण काढलं आणि काळी चौकट वर घेऊन तिच्या हातात दिली. तिने आधी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात कानाकडे निघाला. मग तिने चौकट उन्हात तिरकी धरली.

काळ्या तळावर पांढरी अंडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका घरात एक.

ताईचे ओठ हलू लागले. मग हळूहळू आवाज आला. "ही आजची... ही आजची... ही कालची, बघ कशी कललीये... ही परवाची, ही आज फुटेल." बोट न टेकवता ती घरामागून घर वाचत गेली. चौकट उलटी केली, दुसरी बाजू वाचली. एवढं वाचायची काहीच गरज नव्हती. चार अंडी दिसली की राणी ठीक असते, हे तिनेच मला शिकवलेलं. पण ती वाचत राहिली आणि मी धूर द्यायचंही विसरून बघत राहिलो. मला फार बरं वाटत होतं. आपण मोठी कामगिरी केली, असंही वाटत होतं.

तिने चौकट परत खणात ठेवली आणि एका पालथ्या खोक्यावर बसली.

"किती दिवस झाले मला दिसत नाहीये त्याला?"

"दोन वर्षं झाली असतील."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"त्या दिवशी रोपवाल्याकडे, तिसरी चौकट तुझ्या हातात होती."

मी आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या हिलासुद्धा नाही.

"काय होतं तिच्यात?"

"अंडी."

"कितव्या दिवसाची?"

"बरीचशी उभी. काही कललेली."

"म्हणजे आदल्या दिवशीच लागली होती बिचारी," ताई म्हणाली. आणि मग, "मला दिसलं नाही. तुला काय झालं होतं?"

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. "तुझी भीती वाटली."

मला वाटलं, आता उठेल आणि देईल ठेवून. द्यायला हवी होती. तिने दिली असती तर मी सुटलो असतो. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मी लहान असताना मला ताप यायचा तेव्हा ती अशी बघायची. "मीच तुला असं केलं असणार," ती म्हणाली. त्याहून एक थोबाडीत बरी होती. मी तिथेच, चौतीस पेट्यांच्या समोर, नाक ओढत उभा राहिलो.

मग ती पदराने तोंड पुसून उठली. "चल."

"कुठे?"

"रोपवाल्याकडे."

"कशाला, ताई? त्याची पेटी नीट चाललीये. नवी राणी लागली. त्याला काही कळलेलंसुद्धा नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि चालू लागली.

रोपवाला कुंड्यांत माती भरत होता. आम्हाला बघून हात झटकत उठला. "या, या, राणीवाली! तुमची राणी काय अंडी घालतेय—"

"आधी ऐक," ताई म्हणाली. "तुझी राणी वांझ नव्हती. चांगली होती. तिने अंडी घातली होती, मला ती दिसली नाहीत, आणि मी तिला मारली. माझे डोळे गेलेत. म्हणजे पार नाही गेले, पण फिक्यावर मला दिसत नाही. काळ्यावर दिसतं. यापुढे मला बोलवायचं असेल तर खालच्या खणात काळे पत्रे घालून घ्यावे लागतील. नसेल बोलवायचं तर तसं सांग, मी राग मानणार नाही."

एवढं सगळं ती एका दमात, काज घालावं तसं सरळ बोलली. पुढची पाळी माझी होती, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. वळून पळावं असं वाटलं.

"मला दिसली होती," मी म्हटलं. "अंडी. चौकट माझ्याच हातात होती. मी बोललो नाही."

रोपवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या हाताची माती अजून खाली गळत होती.

"काळे पत्रे कुठे मिळतात?" त्याने शेवटी ताईला विचारलं.

मग आत गेला आणि ताईसाठी खुर्ची घेऊन आला. कापडाने पुसून तिच्यासमोर ठेवली. मला बस म्हणाला नाही. मी उभाच राहिलो.